डबड्याचा ड्रायव्हर

"मोऱ्या, डावीकडे! डावीकडे घे! अरे, तुझा डावा हात कुठला ते तरी ठाऊक आहे का तुला?"

नाना कॉटवरून ओरडला तोवर गाडी उजवीकडे वळून पाण्याच्या पिंपाला भिडली होती. पिंपाला काही झालं नाही. गाडीचं पुढचं एक चाक तेवढं हवेत गरगरत राहिलं. मी हातातल्या निळ्या रिमोटकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो होता तिथेच होता.

"काका, परत घ्या ना," गार्गी म्हणाली. "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं."

"सगळ्यांचं नाही होत," नाना म्हणाला. "आमच्या डेपोत नवीन पोरं यायची, ती निदान पिंपाला हॉर्न तरी द्यायची."

वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि दारातच थांबल्या. मला वाटलं, पिंप बघायला आल्या. पण त्या नानाकडे बघत होत्या. झटका आल्यापासून नानाच्या तोंडून एकामागोमाग एवढी वाक्यं कुणी ऐकली नव्हती.

नाना माझा थोरला भाऊ. सगळी नोकरी त्याने एसटीत ड्रायव्हर म्हणून काढली, आणि त्यातली बहुतेक चिपळूण-कऱ्हाड रस्त्यावर, कुंभार्ली घाटात. त्याच्या गाडीत बसलेली माणसं घाटातही झोपायची, याचा त्याला अभिमान होता. मी चिपळुणातच एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही. नानाच्याच घरात मागच्या खोलीत राहत आलो. वाहन म्हणाल तर सायकलसुद्धा शिकलो नाही. लहानपणी नाना शिकवायला घेऊन जायचा, पण मी पडायच्या आधीच उतरायचो. न पडणारा माणूस सायकल शिकत नाही, असं तो म्हणे.

त्या वर्षी शिमग्याच्या आसपास त्याला अर्धांगाचा झटका आला. जीभ लवकर वळली, पाय ओढत का होईना, जमिनीवर टेकायला लागला. राहिला तो उजवा हात. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोटांना काम द्या, आत्ताच द्या, एकदा हात आखडून बसला की नंतर काही उपयोग नाही. व्यायाम शिकवायला यायच्या त्या बाईंनी एक मऊ चेंडू दिला होता, तो दाबत राहायचा. नानाने तो डाव्या हाताने खिडकीतून बाहेर भिरकावला. "चेंडूशी खेळायला मी काय कुत्रं आहे?" असं म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

सगळ्यात अवघड झालं ते जेवण. उजव्या हाताने घास घेता येईना आणि डाव्या हाताने चारचौघांत जेवणं त्याला मान्य नव्हतं. भरवून घेण्याचं तर नावच काढायचं नाही. मग त्याचं ताट त्याच्या खोलीत जायचं आणि दार लोटलं जायचं. आत तो डाव्या हातात चमचा धरून काय करायचा ते त्यालाच ठाऊक. वहिनी त्याच्या आधी कधी जेवल्या नव्हत्या. आता त्या ताट परत येईपर्यंत ओट्याशी उभ्या राहायच्या. कधी ताट गेलं तसंच परत यायचं. मग वहिनीही ताकभात कालवून दोन घास घ्यायच्या आणि उठायच्या. दोघंही डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

गार्गी ही त्यांची एकुलती मुलगी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि छंद म्हणून यंत्रं जोडायची. ही गाडी तिनेच केलेली. जेवणाच्या डब्याचं चपटं झाकण, त्याला चार चाकं, वर उघड्या तारा. ती रोबो म्हणायची. नाना डबडं म्हणायचा. घरात डबडं हेच नाव राहिलं.

व्हिडिओ गेम खेळायचे दोन रिमोट तिच्याकडे होते, एक निळा आणि एक काळा. त्यांवर अंगठ्याने ढकलायच्या दोन बुटक्या दांड्या आणि पुष्कळ बटणं. निळा तिने माझ्या हातात दिला.

"हा रिमोट गाडीशी बोलत नाही, काका," तिने मला समजावलं. "तो लॅपटॉपशी बोलतो. अमुक दांडी अमुक बाजूला ढकलली, एवढंच सांगतो. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते लॅपटॉपमधला प्रोग्राम ठरवतो. त्याला मॅपिंग म्हणतात. आपण म्हणू तो अर्थ."

"म्हणजे कवी एक लिहितो आणि टीकाकार दुसरंच काढतो, तसं."

"अगदी तसं," ती म्हणाली, आणि जरा जास्तच हसली.

मी चालवायची गाडी, ती नानाच्या खोलीत, त्याच्या डोळ्यांसमोर. तेवढाच त्याला विरंगुळा, असं गार्गी म्हणाली. मला पटलं. माझ्याकडून कुणाचा विरंगुळा होत असेल तर आणखी काय हवं! मी रोज संध्याकाळी निळा रिमोट घेऊन बसायचो, आणि रोज गाडी कुठे ना कुठे आपटायची. कॉटच्या पायाला, कपाटाला, एकदा तर वहिनींच्या पायाच्या अंगठ्याला. पुढे जायला सांगितलं की पुढे जायची, मागे म्हटलं की मागे; वळायची वेळ आली की मात्र माझं काहीतरी चुकायचं. नाना ओरडून ओरडून लाल व्हायचा.

"अरे, दरी आहे त्या बाजूला! चाळीस माणसं बसलीत मागे!"

"नाना, मागे कुणी नाही."

"तुझ्या गाडीत बसणार कोण!"

दोन-तीन दिवस त्याने तोंडाने गाडी चालवली. मग एकदा मी ती दाराच्या फटीत अडकवली तेव्हा त्याला राहवलं नाही. "आण इकडे," म्हणाला. गार्गी जणू वाटच बघत होती. तिने काळा रिमोट पुढे केला. नानाने तो पोटाशी धरला आणि डाव्या अंगठ्याने दांडी ढकलली. गाडी हलली नाही. नुसता पोंऽऽ असा आवाज आला.

"डावीकडे फक्त हॉर्न आहे, बाबा," गार्गी म्हणाली. "गाडी उजव्या दांडीवर."

"असं कसं?"

"मॅपिंगच तसं आहे."

"मग बदल."

"माझी परीक्षा झाली की बदलते."

नानाने तिच्याकडे रोखून पाहिलं. घाटात समोरून येणाऱ्या ट्रककडे बघत असेल तसं. मग उजवा हात डाव्या हाताने उचलून रिमोटवर ठेवला. अंगठा थरथरत होता. गाडी बोटभर हलली, थांबली, पुन्हा बोटभर हलली. दाराच्या फटीतून बाहेर यायला तिला इतका वेळ लागला की माझा चहा निवला. पण ती कुठेही घासली नाही. बाहेर आल्यावर नानाने हॉर्न दिला.

त्यानंतर रोजचं तेच झालं. मी गाडी अडकवायची, नानाने सोडवायची. दिवसांमागून दिवस त्याचा अंगठा सुधारला, मग तर्जनीही बटण दाबायला लागली. माझी मात्र काही प्रगती होईना. मला यंत्रांविषयी शंका येत नाही. स्वतःविषयीच इतक्या असतात की यंत्रापर्यंत पोचायला सवडच मिळत नाही. एकदा तर मी आरशासमोर उभा राहून दोन्ही हात वर केले, जीभ बाहेर काढून पाहिली. म्हटलं, भावाला आलं ते आपल्यालाही हळूहळू येत असेल.

एके सकाळी गार्गीला गाठलं. म्हटलं, "मला यातून मोकळं कर. तुझं यंत्र फुकट जाईल माझ्या हातून."

ती एकदम घाबरली. "नाही काका! तुम्ही सोडू नका. काहीही करा, पण सोडू नका."

"अगं, पण मला जमत नाही."

"न जमू दे ना!"

म्हाताऱ्या काकाची कीव करते आहे पोर, असं मला वाटलं आणि फार लाजल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी चोरून सराव सुरू केला. दुपारी नाना झोपायचा, गार्गी कॉलेजात असायची. मी लॅपटॉप मागच्या पडवीत उंबऱ्यावर ठेवायचो आणि सोललेले नारळ हातभर अंतरावर मांडून त्यांच्यामधून गाडी काढायचो. आधी सगळे नारळ घरंगळले. मग मला एक युक्ती सुचली. वळायचं असलं की मनात जी बाजू पहिल्यांदा येईल, तिच्या विरुद्ध दांडी ढकलायची. माझं पहिलं मत चुकीचं असतं हे मला आयुष्यभर ठाऊक होतं. आता त्याचा उपयोग करायचा होता, इतकंच.

आणि जमलं! गाडी नारळांमधून सापासारखी जायला लागली. पुढे पुढे विचारही करावा लागेना. अंगठा आपोआप उलटा वळायचा. नानाच्या समोर बसलं की मात्र त्याच्या पहिल्या हाकेलाच मी युक्ती विसरून जायचो. ही माझी सरावातली प्रगती कुणालाच माहीत नव्हती. मी सांगितलीही नाही. सांगितली आणि दुसऱ्या दिवशी जमलं नाही तर?

एका संध्याकाळी नानाचं ताट पुन्हा जसंच्या तसं परत आलं. वहिनींनी ते ओट्यावर ठेवलं आणि त्यावर झाकण घातलं. मी कुणाला काही सुनावणारा माणूस नव्हे, पण त्या झाकणाचा आवाज ऐकला आणि नानाच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"नाना, हात बरा झालाय की आता. स्वयंपाकघरात येऊन जेव ना."

"बरा झालाय? दोन शितं तोंडात आणि चार दाढीत. हे चौघांत बसून करू?"

"चौघं कोण, नाना? आम्हीच."

"तुम्हीच, म्हणून तर! परक्यांचं काय, ते बघतात आणि आपापल्या घरी जातात."

नाना पुढे म्हणाला, "तुला फार कळकळ आहे ना? मग असं कर. उद्या दुपारी डबड्यावर सोलकढीची वाटी ठेव, काठोकाठ. इथून निघायचं, माजघरातून स्वयंपाकघरात. एक थेंब न सांडता नेलीस तर मी आत येऊन जेवतो. रोज जेवतो."

"आणि सांडली तर?"

"तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. तू काढायचा नाहीस, हिने काढायचा नाही. माझं ताट इथेच येईल."

तो हसला. जिंकल्यावर हसतात तसा. आत वहिनींच्या हातातली पळी थांबली होती, हे मला न बघताही कळलं. गार्गी वही मिटून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ठीक आहे," मी म्हणालो.

गंमत अशी, की त्या दिवशी मला माझ्याविषयी शंका नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच. नारळांमधून जी गाडी जाते ती माजघरातून जाणार नाही? नानाने काय वाटेल ते ओरडावं, मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहणार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गार्गी कॉलेजला निघताना लॅपटॉपशी काहीतरी करत होती. जाताना माझा हात धरून म्हणाली, "काका, आज तुम्हाला नक्की जमणार." मी म्हणालो, "मलाही तसंच वाटतंय," आणि ती चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली.

दुपारी वहिनींनी वाटी भरली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला मी एक फळी टेकवून चढ केला होता. नाना कॉटच्या कडेवर बसला होता, पाय खाली सोडून, सिनेमा बघायला बसल्यासारखा.

मी निघालो. खोलीच्या दारापर्यंत सरळच जायचं होतं. गाडी सरळ गेली, सोलकढी नुसती हलली. दाराबाहेर डावीकडे वळायचं होतं. अंगठा नेहमीसारखा आपोआप उजवीकडे गेला.

गाडी उजवीकडे वळली.

मी घाबरून अंगठा आणखी रेटला. गाडी आणखी उजवीकडे वळली. वाटीतून गुलाबी ओघळ फरशीवर आला. एक थेंब नव्हे, चांगला ओघळ. पैज तिथेच संपली होती, पण मला ते कळेना. मी दांडी इकडून तिकडे ढकलत राहिलो आणि गाडी माजघरात पिसाळल्यासारखी गोल गोल फिरायला लागली. तिच्यामागे फरशीवर सोलकढीची रांगोळी उमटत होती. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"अरे मोऱ्या, सोड! सोड ती दांडी!" नाना हसत होता. मग हसायचा थांबला. गाडी भिंतीला लावलेल्या शिलाई मशीनच्या दिशेने निघाली होती. "अरे, ब्रेक! जातेय बघ! गेली, गेली... आण तो इकडे!"

तो कधी उठला मला कळलं नाही. माझ्या हातातला रिमोट त्याने ओढून घेतला, आणि ओढला तो उजव्या हाताने. पोटाशी धरून त्याने अंगठा दांडीवर टेकवला. गाडी मशीनच्या पायापाशी थबकली. मग हळूच मागे आली, वळली, आणि शहाण्यासारखी माजघर ओलांडायला लागली.

"नीट केलीय वाटतं," नाना स्वतःशीच पुटपुटला. त्याचा मला तेव्हा काही अर्थ लागला नाही.

गाडी दिसली पाहिजे म्हणून तो तिच्यामागे चालत होता, पाय ओढत, सोलकढीतून. फळीशी आल्यावर म्हणाला, "आता घाट." गाडी फळी चढली, उंबऱ्यावर क्षणभर डुलली आणि पलीकडे उतरली. तिच्यामागून नानाही उंबरा ओलांडून आत गेला. वाटीत तळाला थोडी सोलकढी उरली होती.

"गाडी निम्मी रिकामी," तो म्हणाला, "पण पोचवली."

मग त्याच्या लक्षात आलं की तो स्वयंपाकघरात उभा आहे. त्याने वहिनींकडे पाहिलं. "मी पैज जिंकलोय," तो म्हणाला.

"जिंकलात ना," वहिनी म्हणाल्या. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, तीन ताटं मांडत होत्या. "मग आता बसून जेवता, की उभ्याने आम्हाला जेवताना बघता? मला भूक लागलीय. मी आज थांबणार नाही."

लग्न झाल्यापासून त्या कधी असं बोलल्या नसतील. त्यांनी खरोखरच स्वतःच्या ताटात भात वाढून घेतला आणि टेबलाशी बसल्या. घास मात्र उचलला नाही.

नाना बराच वेळ उभा राहिला. ओरडून त्याचा घसा सुकला असावा. भूकही लागली असणार. शेवटी त्याने खुर्ची ओढली आणि बसला. वहिनींनी भात वाढला, त्यावर आमटी. चमचा ठेवला नाही.

त्याने उजवा हात टेबलावर आणला. बोटं भातात घातली. आमटी ताटाबाहेर आली. दोन शितं तोंडात गेली आणि चार दाढीत अडकली, अगदी तो म्हणाला होता तशी. मी माझ्या ताटातल्या लोणच्याच्या फोडीकडे पाहत होतो. इतकं लक्ष देऊन मी कधी पुस्तकाचं पानही वाचलं नसेल. वहिनी जेवत होत्या.

"मीठ कमी आहे," नाना म्हणाला.

"उद्या जास्त घालीन," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी गार्गी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात गेली. आईशी काहीतरी कुजबुजली आणि धावत पडवीत आली. तिचे डोळे भरले होते.

"काका! जमलं तुम्हाला!"

"मला? मी सगळी सांडली, गार्गी. पैज नाना जिंकला."

"सांडली? कशी सांडेल? सकाळी तर मी..." आणि ती थांबली.

मग ती माझ्या शेजारी बसली आणि पायाच्या बोटांकडे बघत बोलायला लागली. पहिल्या दिवशी तिच्या हातून मॅपिंगमध्ये डावं-उजवं उलटं पडलं होतं. ती लगेच दुरुस्त करणार होती. पण बाबा ओरडले. इतके महिने न बोललेले बाबा ओरडले, म्हणून तिने ते तसंच ठेवलं. फक्त निळ्या रिमोटपुरतं.

"मला वाटलं, दोन दिवसांत तुम्हीच म्हणाल, गार्गी, हे तुझं यंत्र बिघडलंय. कुणीही म्हटलं असतं."

ते खरं होतं. कुणीही म्हटलं असतं.

"आणि आज?"

"आज पैज होती ना! म्हटलं, आज काका जिंकलेच पाहिजेत. म्हणून सकाळी सरळ केलं."

मी तिला नारळांचं सांगितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती रडते आहे की हसते आहे, ते मला कळेना. बहुधा दोन्ही.

"नानाला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी ओळखलं त्यांनी. म्हणाले, याचं स्टेअरिंग उलटं जोडलंयस तू. मी म्हटलं, काकांना सांगू? म्हणाले, राहू दे. बघू, त्याला कधी कळतं."

तेवढ्यात आतून नानाची हाक आली. "मोऱ्या! उद्या आमटी ठेव डबड्यावर. बघतो, माजघरात कुठे नेऊन ओततोस. आणि जेवायच्या वेळेलाच आण, उगाच आधी नको."

गार्गीने डोळे पुसले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. पडद्यावर डावं-उजवं असे दोन लहान बाण होते, एवढंच काय ते यंत्राचं गुपित. "काका, काय करू? परत उलटं करू, की सरळच राहू दे? आता तुम्ही म्हणाल तसं."

मी त्या बाणांकडे पाहिलं. आत वहिनी संध्याकाळच्या भाताचे तांदूळ धूत होत्या. तांदूळ नेहमीपेक्षा जास्त घेतलेले दिसत होते.

"सरळच राहू दे," मी म्हणालो. "उलटी मला आता चांगली चालवता येते."